क्रूझवर उलट्या-जुलाब? नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका

मुंबई-गोवा क्रूझ असो की परदेशातली, जहाजावर उलटी झाली की 'बोट लागली' म्हणून सोडून दिलं जातं. पण सोबत जुलाब आणि पोटात मुरडा असेल तर ती बहुधा नोरोव्हायरसची लागण असते. १९६८ साली अमेरिकेतील नॉरवॉक शहरातल्या एका शाळेत याची साथ आली होती, त्यावरूनच हे नाव पडले.

जहाजावर हजारो माणसे तेच कठडे, तेच वाढायचे चमचे हाताळतात. त्यामुळे विषाणू झपाट्याने पसरतो. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि साधारण एक ते तीन दिवस टिकतो.

सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने किमान २० सेकंद हात धुवा.

त्रास झालाच तर केबिनमध्ये बसावं लागेल म्हणून लपवू नका. जहाजावरच्या डॉक्टरांना सांगा, ओआरएस घोट-घोट घ्या. बरं वाटल्यावरही ४८ तास बुफेपासून लांब राहा. लहान मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. लघवी कमी झाली किंवा गुंगी आली तर थांबू नका, लगेच उपचार घ्या.