जुळ्यांचा मेंढा आणि आखूड बोटांचा उंदीर

जुळ्यांचा म्हणून महागाचा मेंढा आणायचा आणि कळपातल्या मेंढ्यांनी एकेकच कोकरू द्यायचं, असं झालं तर पारनेरकडचा धनगर म्हणणारच, ‘फसलो.’

तो फसलेला नसतो. एका वेळी किती बीजं पिकायची ते मेंढीच्या अंगात ठरतं. मेंढा फक्त तो गुण लेकींना देतो. त्यामुळे त्याचा खरा हिशोब लेकी मोठ्या होऊन व्यायला लागल्यावरच मांडायचा. मेंढ्याकडे हा गुण देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतील तर प्रत्येक लेक तो गुण घेऊन येते, एकच असेल तर साधारण निम्म्या.

हा गुण म्हणजे ‘फेक-बी’ नावाचं उत्परिवर्तन. उत्परिवर्तन म्हटलं की आपल्याला व्यंग किंवा आजारच आठवतो. इथे मात्र ‘बीएमपीआर-१बी’ या जनुकातलं एक अक्षर बदललं आहे. त्यामुळे प्रथिनातला एक घटक बदलतो, अंडाशयाला मिळणारा निरोप वेगळा पोचतो आणि एका बीजाऐवजी दोन-तीन पिकतात. कोणा प्रयोगशाळेने केलेला हा बदल नव्हे. सुंदरबनातल्या बुटक्या गरोळ मेंढ्यांत तो मुळातच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळचा दख्खनीशी संकर केला, रक्ताची डीएनए तपासणी करून पिढ्यान्‌पिढ्या निवड केली आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. जनुकात कोणी कात्री घातलेली नाही.

याच जनुकाचे प्रयोग उंदरांवरही झाले आहेत. त्यांचा मेंढीशी काय संबंध? संबंध असा, की हेच जनुक उंदरातही आहे आणि माणसातही. २००० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी उंदरातलं हे जनुक पूर्ण बंद पाडलं. पिल्लांच्या बोटांची हाडं आखूड झाली आणि माद्या वांझ निघाल्या. माणसात याच जनुकातल्या काही बिघाडांमुळे तर्जनी आखूड राहते. मग हे जनुक बोटांचं म्हणायचं की प्रजननाचं? हा प्रश्नच चुकीचा आहे. जनुक निरोप झेलणारं एक प्रथिन बनवतं. झेललेल्या निरोपाचा अर्थ बोटाच्या कूर्चेत वेगळा होतो, अंडाशयात वेगळा. शिवाय जनुक मोडणं निराळं आणि त्यातलं एक अक्षर बदलणं निराळं. मोडलं तर उंदरीण वांझ, बदललं तर मेंढीला जुळी. दार काढून टाकणं आणि त्याची कडी जरा सैल करणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

बदललेलं जनुक आलं म्हणजे दर वेताला जुळी, हेही खरं नाही. दख्खनी संकरात एक प्रत असलेल्या मेंढीला सरासरी अर्ध्या कोकराच्या आसपास वाढ मिळते. म्हणजे कधी एक, कधी दोन. आणि दोन झाली तर दूधही दोघांपुरतं लागतं. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाच्या वाटेला लागणाऱ्याला चालता न येणारी कोकरं घोड्यावर बांधावी लागतात. तिथे दुसरं कोकरू ओझंही ठरू शकतं. माझ्या मते हा गुण आधी घरी चारा-खुराक असलेल्याने घ्यावा, भटकणाऱ्याने विचार करून.

आणि मेंढा घेताना तो जुळ्यातला आहे का, एवढंच विचारून थांबू नका. रक्ततपासणीचा कागद मागा आणि त्यावर एक प्रत लिहिली आहे की दोन, ते बघा.