गटाचा लॅपटॉप फिरतीवर निघतो तेव्हा



आधी एक प्रसंग सांगते. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये आमच्या गटाचा स्टॉल होता. पापड, शेवया, कुरडया असा माल मांडला होता. एका दुकानदाराने पापड बघितले आणि म्हणाला, "ताई, दरपत्रक आणि मालाचे फोटो पाच वाजेपर्यंत मेल करा, चाळीस किलोची ऑर्डर देतो." आम्ही चारलाच लॅपटॉप उघडला. नेट सचिवताईंच्या फोनवरून जोडलेलं. पण मेल काही जाईना, पहिलाच फोटो अर्ध्यात अडकला. मग उलगडा झाला. सकाळपासून लॅपटॉप चालू होता, त्याने स्वतःहून अपडेट उतरवून घेतलं आणि फोनचा दिवसाचा दीड जीबी त्यातच संपला. तसा मेसेजही आला होता, गर्दीत कुणी पाहिला नाही. साडेसहाला दुसऱ्या ताईंच्या फोनवरून मेल गेला, तोवर त्या दुकानदाराने दुसरीकडे ऑर्डर दिली होती.

चूक कंपनीची नव्हती, आमची होती. नेट घेताना आम्ही फक्त रिचार्ज किती रुपयांचा एवढंच पाहिलं होतं.

आपल्या गटांचा, ग्रामसंघांचा लॅपटॉप आता एका जागी बसत नाही. आज गावात बैठकीला, उद्या पंचायत समितीत, मग नगरच्या साईज्योती प्रदर्शनात, कधी मुंबईला, कधी दिल्लीच्या सरस मेळ्याला. घरात वायर ओढून घेतलेलं वायफाय तिथं बरोबर येत नाही. फिरत्या लॅपटॉपला मोबाइलचंच नेट लागतं. ते कसं निवडायचं, हे आज पाहू.

टाकी आणि धार

जाहिरातीत दोन शब्द येतात. एक जीबी आणि दुसरा एमबीपीएस. जीबी म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते. एमबीपीएस म्हणजे नळाची धार किती जोराची आहे ते. टाकी भरलेली असूनही धार बारीक असली तर हंडा भरत नाही. धार जोरात असली आणि टाकीच रिकामी असली तरी तीच गत.

कोणत्या कामाला किती लागतं, याचा साधारण अंदाज असा. मेल, अर्ज, बिलं, थोडे फोटो यांना दिवसाला दोनशे-तीनशे एमबी पुरतात. व्हिडिओ चालू ठेवून तासभराची बैठक केली तर एक जीबीच्या आसपास जातो. त्याच बैठकीत व्हिडिओ बंद ठेवून नुसतं ऐकलं-बोललं तर शंभर एमबीच्या आत काम भागतं. आणि लॅपटॉपचं एक मोठं अपडेट एक-दोन जीबी सहज गिळतं.

दिवसाचा जीबी संपला की नेट अगदीच बंद होत नाही. बहुतेक पॅकमध्ये धार ६४ केबीपीएसवर येते. त्या धारेने चार एमबीचा एक फोटो पाठवायला आठ-नऊ मिनिटं लागतात. आमचा फोटो अडकला होता तो असा.

आणखी एक. आपल्या कामात फोटो, अर्ज, कागदपत्रं वर चढवायची असतात. त्यामुळे खाली येणारी धार, म्हणजे डाउनलोड, एवढीच पाहू नका. वर जाणारी धार, म्हणजे अपलोड, तीही पाहा.

फोन की डोंगल?

पहिला मार्ग म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. वेगळा खर्च नाही. फोनची चार्जिंगची वायर लॅपटॉपला लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं तर आणखी बरं. नेट स्थिर राहतं आणि फोनही चार्ज होत राहतो. वायर मात्र डेटा वाहणारी हवी, काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात.

दुसरा मार्ग म्हणजे लॅपटॉपला लावायचं डोंगल किंवा खिशात मावणारं वायफायचं यंत्र. त्यात वेगळं सिम घालायचं. लॅपटॉप रोज तीन-चार तास चालणार असेल किंवा दोन-तीन यंत्रं एकदम जोडायची असतील, तरच हा खर्च करा. कुणी जुनं ३जीचं डोंगल स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. ३जी बहुतेक ठिकाणी बंद झालं आहे. डोंगल ४जीचं आणि कोणत्याही कंपनीचं सिम चालणारं हवं.

पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हॉटस्पॉट कुणाच्या फोनवरून? घरात चांगला फोन एकच असतो आणि तो बहुतेक वेळा मालकांच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. ते शेतावर गेले की गटाचा लॅपटॉप मुका. गटाचं काम ज्या फोनवर चालणार तो फोन कामाच्या वेळी बाईच्या हातात असलाच पाहिजे. ते जमत नसेल तर डोंगलचा खर्च वायफळ नाही, गरजेचा आहे.

कंपनी कोणती? गटालाच विचारा

जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल या चार कंपन्या आपल्याकडे आहेत. 'सगळ्यात चांगली कोणती' या प्रश्नाला उत्तर नाही. 'माझ्या कामाच्या जागी चांगली कोणती' याला आहे.

आपला जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा. श्रीरामपूर-राहुरीची सपाटी वेगळी, अकोल्याचे डोंगर वेगळे. मोबाइलची लहर टॉवरपासून साधारण सरळ जाते. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. राजूरला रेंज भरपूर असली म्हणून रतनवाडीच्या घरात ती येईलच असं नाही. शिवाय काही लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. काही वेगवान असतात पण जवळच विरतात. म्हणून ओट्यावर चार कांड्या आणि माजघरात एकच, असं होतं.

गर्दीचाही फरक पडतो. एका टॉवरची धार सगळ्यांत वाटली जाते. मढीची यात्रा, नवरात्रात मोहटादेवी, रामनवमीला शिर्डी, अशा ठिकाणी कांड्या भरलेल्या दिसतात पण फोटो जात नाही. प्रदर्शनात संध्याकाळी तेच होतं. म्हणून मोठं काम सकाळी, गर्दी जमण्याआधी उरकावं.

मग कंपनी ठरवायची कशी? गटात आपण दहा-बारा जणी असतो. सगळ्यांचं सिम एका कंपनीचं नसतं. हेच आपलं तपासणीचं यंत्र. पुढच्या बैठकीला प्रत्येक कंपनीचा एक-एक फोन घ्या. लॅपटॉप जिथं ठेवता तिथंच बसा. ट्रायचं 'मायस्पीड' हे अ‍ॅप उतरवून धार मोजा. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. मग एकच फोटो प्रत्येक फोनवरून मेल करून बघा, किती वेळ लागतो. एकदा दुपारी, एकदा रात्री आठला. आकडे गटाच्या वहीत लिहा: जागा, वेळ, कंपनी, उतरती धार, चढती धार. खाली-वर दोन्हीकडे दोन एमबीपीएस मिळत असतील तर आपलं काम, बैठकीसह, नीट चालतं.

परगावी जायचं असेल तर तिथलं आधी कसं कळणार? ट्रायच्या नियमामुळे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. जायच्या गावाचं नाव घालून पाहा. पण नकाशा घराच्या भिंती मोजत नाही. तिथं आधी जाऊन आलेल्या बाईला फोन करा, ती जास्त खरं सांगेल.

बीएसएनएलला यादीतून आधीच काढून टाकू नका. त्यांचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झालं. आडवळणाच्या गावांसाठी सरकारची वेगळी ४जी योजनाही त्यांच्यामार्फतच राबवली गेली. तुमच्या वाडीवर त्यांचा टॉवर झाला असेल तर तोही तपासा. सिम जुनं असेल तर ते ४जीचं करून घ्या.

तपासणीत जी कंपनी पहिली येईल तिचा मोठा पॅक. दुसरी येईल तिचं सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत, लहान रिचार्जवर. एकीची रेंज गेली की फोनच्या सेटिंगमध्ये डेटाचं सिम बदलायचं. फिरतीवर एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नये.

पॅक घेताना

बरेच 'महिन्याचे' पॅक २८ दिवसांचे असतात. म्हणजे वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज. दोन पॅकची तुलना करताना रुपयांना दिवसांनी भागा, मग स्वस्त-महाग कळतं. ३० दिवसांचा पॅकही प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे असा २०२२ पासून नियम आहे, तो मागून घ्या.

रोजचा दीड-दोन जीबी देणारा पॅक फोनला ठीक. लॅपटॉपचं काम तसं रोज सारखं नसतं. चार दिवस काहीच नाही आणि पाचव्या दिवशी पाच जीबी. रोजचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता बहुधा वाया जातो. म्हणून प्रदर्शनाच्या दिवसांत एकगठ्ठा जीबीचं व्हाउचर सोयीचं पडतं. मात्र ते घेताना विचारा, मूळ पॅक चालू असावा लागतो का? बहुतेक वेळा लागतो.

'अमर्याद ५जी' ऐकून हुरळू नका. फोन ५जीचा हवा आणि त्या जागी ५जीचा टॉवरही हवा. रेंज ४जीवर आली की तुमच्या रोजच्या मर्यादेतूनच जीबी कापला जातो.

आणि आमची चूक तुम्ही करू नका. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा, जोडलेलं नेट निवडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग विंडोज मोठी अपडेट आपणहून उतरवत नाही. अपडेट कायमची टाळायची नाहीत, ती लॅपटॉपच्या सुरक्षेसाठी असतात. महिन्यातून एकदा वायफाय असेल तिथं बसून उरकून घ्या.

जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर

आपल्या नेहमीच्या पॅकवर देशात फिरताना रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. मुंबईला, दिल्लीला गेल्यावर नवीन सिम घ्यायची गरज नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. वैष्णोदेवीला जाणाऱ्या कितीतरी जणींना हे तिथं पोचल्यावर कळतं.

रेल्वेत चालू गाडीत बैठक करू नका. गाडी एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत पळत असते, मध्येच मोकळा पट्टा येतो, त्यात डब्याचा पत्रा लहर अडवतो. घाटातही तेच. दरपत्रक, फोटो, फॉर्म निघण्यापूर्वी लॅपटॉपवर उतरवून ठेवा. मजकूर गाडीत लिहा, पाठवा मुक्कामी. अनेक स्थानकांवर रेल्वेचं मोफत वायफाय असतं, मेल पाहायला ते चांगलं. गटाच्या बँकेचं काम मात्र सार्वजनिक वायफायवर कधीही करू नका. त्यासाठी आपल्या सिमचंच नेट.

सिम कुणाच्या नावावर?

हा भाग शेवटी ठेवला, कारण तो लक्षात राहावा. गटाच्या पैशातून सिम घेतलं की ते कुणातरी एकीच्या आधारवर निघतं. त्याचा ठराव वहीत लिहा: नंबर कोणता, कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करणार, पैसे कुठून. पदाधिकारी बदलल्या की हा नंबर कुठे कुठे जोडला आहे ते तपासून बदला. बँकेचा ओटीपी गावाला गेलेल्या जुन्या सचिवाकडे जाऊन उपयोग नाही. एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत सिम असू शकतात. आपल्या नावावर किती आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवा. आणि ९० दिवस काहीच वापर नसलेलं सिम कंपनी बंद करू शकते, म्हणून दुसऱ्या सिमवरून अधूनमधून फोन लावत जा.

कंपनी पटली नाही तर नंबर तोच ठेवून बदलता येते. 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर मेसेज पाठवायचा. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. बदल होताना काही तास फोन बंद राहतो, म्हणून कर्जाच्या हप्त्याच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवसांत हे करू नका.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. फोन एका ओळीत मांडा, धार मोजा, वहीत लिहा. आम्ही ते एका ऑर्डरीला मुकल्यावर केलं, तुम्ही आधी करा.