आठवडे वाढले, अंतर तेवढंच

२००८ च्या पावसाळ्यात भाईंदरचं एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयातला दोष कळेपर्यंत चोविसावा आठवडा उजाडला होता आणि कायद्याची मर्यादा विसाची होती. ४ ऑगस्टला गर्भपाताची परवानगी नाकारली गेली, आणि त्याच महिन्यात गर्भ आपोआप पडला. गर्भपाताच्या कायद्याची देशभर नव्याने चर्चा सुरू करणारं हे प्रकरण ठाणे जिल्ह्यातलं. १९७१ चा कायदा झाला तेव्हा सोनोग्राफी गावोगावच्या दवाखान्यांत पोचलेली नव्हती. पुढे अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान करायचं अ‍ॅनॉमली स्कॅन आलं. त्यात शंका आली, दुसरं मत घेतलं, इको केला, की वीस आठवडे उलटलेच. २०१७ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या अहवालावरून सर्वोच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली आणि याचिकांची रीघ लागली. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीसवर नेली, तर गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने ती काढूनच टाकली. या साऱ्या काळात आपण आठवडेच मोजत राहिलो. माझ्या मते खरी अडचण निर्णय कोण घेणार आणि त्यासाठी बाईला किती लांब जावं लागणार, ही होती. ती जवळपास तशीच आहे.

कायद्याचं कलम ५ पहिल्यापासून आहे. आईचा जीव वाचवायला तातडीने गर्भपात करणं भाग असेल तर एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आठवड्यांची अट लागत नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओक आणि सोनक यांनी हे पुन्हा स्पष्ट केलं: अशा वेळी न्यायालयात यायची गरज नाही. तरीही डॉक्टर कचरतात, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. २०१२ च्या परळीतल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर राज्यभर सोनोग्राफी केंद्रांवर धाडी पडल्या, औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं सोडलं. सरळ काम करणाऱ्यालाही 'नको ती भानगड' वाटू लागली. बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये मृत्युमुखी पडल्या, त्या गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबण्याची वाट पाहिली गेल्यामुळे. तिथे कायदाच आड आला. आपल्याकडे कायदा मोकळा असून हात आखडतो.

राज्यात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३. हे यश मोठंच आहे, पण उरलेल्या मृत्यूंमागचा गुंता सोपा नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची तपासणी होते, जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लागते. ठाणे जिल्ह्यात त्या खुणेनंतरचा रस्ता मात्र ठरलेला: कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय, तिथून 'रेफर' कळव्याला, कळव्याहून सायन नाहीतर जे.जे. तेविसाव्या आठवड्यात बीपी चढून झटके येऊ लागलेल्या बाईला या प्रत्येक टप्प्याची किंमत मोजावी लागते.

उशिराच्या गर्भपाताचा निर्णय जवळच्या रुग्णालयातच व्हावा म्हटलं, की पहिला आक्षेप लिंगनिवडीचा. पण सोनोग्राफीत लिंग तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच कळतं. मुलगी नको असणारे चोविसाव्या आठवड्याची वाट बघत बसत नाहीत. तो गुन्हा थांबवायचा तो सोनोग्राफीच्या खोलीत, प्रसूतिगृहाच्या अतिदक्षता विभागात नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: इतक्या उशिरा गर्भ बाहेर जगू शकतो. म्हणूनच तारतम्य हवं, पण त्याची सुरुवात बाईपासून व्हायला हवी. नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या अल्पवयीन अत्याचारपीडितेच्या प्रकरणात जे.जे.च्या मंडळाने आधी अनुकूल मत दिलं, मग मुलीला पुन्हा न तपासता ते फिरवलं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली आणि पालकांनी मन बदलल्यावर ती मागेही घेतली. पण मंडळाने मुलीच्या शरीर-मनावरच्या परिणामांबद्दल मत द्यायलाच हवं, हे बजावलं. म्हणजे उशिराच्या टप्प्यावर उत्तर 'नाही'सुद्धा येऊ शकतं, फक्त ते तिला तपासून यावं.

रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर आणि कळवा इथे कलम ५ खालचा निर्णय रात्री-अपरात्री कोण घेणार, हे कल्याण-डोंबिवली आणि ठाणे या दोन्ही महापालिकांनी लेखी ठरवावं आणि सद्हेतूने तो घेणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी उभं राहावं. त्यासाठी दिल्लीहून नवा कायदा यावा लागत नाही.