खाडीचा चिखल प्रयोगशाळेत नेला, तर परवानगी कोण देतं?

रत्नागिरी जिल्ह्यातलं पूर्णगड. इथे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. समजा, विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थिनीने इथल्या खाडीतला मूठभर चिखल डबीत भरून नेला. त्यातले जिवाणू वाढवून तिला अभ्यास करायचा आहे. एवढ्याशा कामाला जैवसुरक्षेची मंजुरी लागते का?

हे चिखलावर ठरत नाही. त्यातून काय वाढवणार आणि त्याचं पुढे काय करणार, यावर ठरतं.

नियम काय आहे?

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने १९८९ मध्ये घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबत नियम केले. त्यानुसार असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. संस्थेच्या लोकांसोबत डीएनएचे जाणकार, वैद्यकीय तज्ज्ञ आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी त्यात असतो. अपघात झाला तर काय करायचं, याचा आराखडाही तयार ठेवावा लागतो.

धोका कसा ठरतो?

सूक्ष्मजीवांचे चार गट केले जातात. पहिल्या गटातले निरोगी माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. क्षयरोगाचा जिवाणू तिसऱ्या गटात येतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ मध्ये आढळलेल्या माकडतापाचा विषाणू चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक गटात मोडतो. गट जितका वरचा, तितकी प्रयोगशाळा बंदिस्त हवी.

मग चिखलाचं काय?

निरुपद्रवी जिवाणू फक्त वाढवून पाहायचे असतील तर नेहमीची काळजी पुरते. रोगकारक जिवाणू सापडला किंवा एखाद्या जिवाणूत बाहेरचं जनुक घालायचं ठरलं, की विषय समितीपुढे जातो. जास्त धोक्याचे प्रयोग जैवतंत्रज्ञान विभागाच्या आढावा समितीकडे पाठवावे लागतात. बदललेला जीव उघड्यावर सोडायचा असेल, तर पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी ही समिती निर्णय घेते.

एवढी काटेकोर पद्धत कशासाठी?

१९७८ मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात देवीच्या विषाणूवर संशोधन सुरू होतं. त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार महिलेला देवी झाली आणि ती दगावली. प्रयोगाशी तिचा काही संबंध नव्हता. देवीने झालेला जगातला हा शेवटचा नोंदलेला मृत्यू.

म्हणून मंजुरीचा अर्ज हा नुसता कागदी सोपस्कार नसतो. वापरलेल्या काचेच्या बशा कोण धुणार, कचरा आधी निर्जंतुक होणार का, सांडलं तर कुणाला कळवायचं, हे त्यात आधीच ठरवावं लागतं. संशोधकाला आपण काय हाताळतोय ते माहीत असतं. झाडू मारायला येणाऱ्या मावशींना ते माहीत नसतं. त्यांच्यासाठीच ही मंजुरी आहे.