लॉकरच्या दोन किल्ल्या

गेल्या दिवाळीआधी माळा आवरताना एक फ्लॉपी हाती लागली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘आण्णांच्या आठवणी, १९९९’. आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगत आणि मी बँकेतून आल्यावर टाईप करीत असे. आण्णा २००३ साली गेले. छापील प्रत वाळवीने खाल्ली. उरली ती ही फ्लॉपी.

भाचीने बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. फाइल उघडली, पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! माझा चेहरा पाहून ती म्हणाली, “आत्या, मजकूर गेलेला नाही. तो वाचणारा संगणक गेलाय.”

त्या काळच्या पुष्कळ मराठी सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की मजकूर मुका. माझ्याकडे जुन्या सॉफ्टवेअरची सीडी होती, पण आजच्या संगणकावर ते चालेना.

मग भाचीने आपल्या लॅपटॉपमध्येच एक आभासी संगणक, म्हणजे ‘व्हर्च्युअल मशीन’, उभा केला. एकाच वाड्यात वेगळे बिऱ्हाड थाटावे तसा! त्याची हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपमधली एक मोठी फाइल. आत बसवलेल्या विंडोज ९८ला वाटते, आपण स्वतंत्र घरातच आहोत. ही युक्ती नवी नाही. आयबीएमने १९७२ सालीच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती.

जुनी सीडी चालली, फाइल उघडली. पहिलेच वाक्य आण्णांच्या आजोळच्या विहिरीचे होते. दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

या बिऱ्हाडाला इंटरनेटची खिडकी मात्र ठेवायची नाही. विंडोज ९८च्या सुरक्षेची डागडुजी २००६ सालीच थांबली आहे. आणि हे बिऱ्हाडही कायमचे नव्हे. म्हणून आम्ही सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि छापून चारही भावंडांकडे दिला.

बँकेत लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागत, एक ग्राहकाची, एक बँकेची. जुन्या फाइलचेही तसेच आहे. फाइल ही एक किल्ली, ती वाचणारे सॉफ्टवेअर ही दुसरी. तेव्हा माळ्यावरच्या त्या जुन्या सीडी भंगारात देण्याआधी, एकदा बघा तरी.