बाळ रडले नाही, तर नाळ कधी कापायची?

बाळ बाहेर आले म्हणून नाळ लगेच निकामी होत नाही. तिच्यात काही मिनिटे ठोके लागत राहतात आणि वारेतले रक्त बाळाकडे येत राहते. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या तीन मिनिटांत असे 80 ते 100 मिलिलिटर रक्त मिळते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त जेमतेम पाव लिटर असते, यावरून त्याचे मोल लक्षात यावे. शिवाय त्यातले लोह पुढचे काही महिने पुरते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. जन्मतःच फुकट मिळणारे लोह वाया घालवण्याची चैन या राज्याला परवडणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नये असेच सांगते.

रडणाऱ्या बाळाबाबत आता फारसा वाद उरलेला नाही. खरा प्रश्न निपचित बाळाचा आहे.

शंभरातली साधारण 85 बाळे आपली आपण श्वास घेतात. आणखी दहा पुसून कोरडी केल्यावर, पाठ चोळल्यावर रडतात. उरलेल्या चार-पाच बाळांना बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो, आणि तोही पहिल्या मिनिटाच्या आत. रूढ पद्धत अशी, की दोन क्लॅम्प लावायचे, मधे कात्री चालवायची आणि बाळ वॉर्मरवर न्यायचे. म्हणजे ज्या बाळाला रक्ताची सर्वांत जास्त गरज, त्याचीच नाळ सर्वांत आधी कापली जाते.

यात दुसरीही एक अडचण आहे. गर्भात फुप्फुसे कामाला लागलेली नसतात. हृदयाच्या डाव्या बाजूला येणारे बरेचसे रक्त वारेकडून परतलेले असते. श्वास सुरू होण्याआधीच नाळ आवळली, की हा पुरवठा तुटतो आणि फुप्फुसांकडून येणारा अजून सुरू झालेला नसतो. हृदयाचे ठोके मंदावतात. मेलबर्नच्या संशोधकांनी 2013 मध्ये कोकरांवर प्रयोग करून हे दाखवले. आधी फुप्फुसांत हवा भरून मग नाळ बांधली, तेव्हा ठोके आणि रक्तदाब स्थिर राहिले. घड्याळातल्या मिनिटापेक्षा क्रमाला महत्त्व आहे: आधी श्वास, मग क्लॅम्प.

वार पडेपर्यंत नाळ न कापण्याचा रिवाज भारतातल्या अनेक सुइणी पाळत. बाळ रडले नाही तर वार शेकण्याची पद्धतही बऱ्याच भागांत होती. शेकण्याने बाळ जगते याला आधार नाही, उलट श्वास देण्यातला मोलाचा वेळ त्यात जातो. नाळ शाबूत ठेवण्याची बाजू मात्र शरीरशास्त्राशी जुळणारी निघाली.

मग नाळ न कापताच श्वास का देऊ नये? अडते ते अंतरावर. पुण्यात ससूनपासून महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयापर्यंत आणि पेठांतल्या छोट्या खासगी प्रसूतिगृहांपर्यंत लेबर रूम निरनिराळ्या आकारांच्या, पण नाळ सगळीकडे पन्नास-साठ सेंटिमीटरचीच. वॉर्मर भिंतीपाशी असेल तर ती तिथवर पोचत नाही. युरोपात यासाठी खाटेला भिडणाऱ्या खास ट्रॉल्या निघाल्या. नेपाळमध्ये मात्र 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 231 बाळांचा अभ्यास झाला. ज्यांना नाळ शाबूत ठेवून आईजवळच श्वास दिला, त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन पहिल्या दहा मिनिटांत अधिक चांगला होता. कोरडे कापड, अम्बू बॅग, योग्य मापाचा मास्क आणि एक जादा माणूस आईच्या खाटेशी हवा. यातली शेवटची वस्तू सर्वांत दुर्मीळ. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही सावध आहे: नाळ न कापता परिणामकारक श्वास देण्याचा सराव असेल तरच तसे करावे, एरवी नाळ कापून श्वास द्यावा. श्वासाला उशीर होणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मधला मार्ग म्हणजे नाळ निपटणे. साधारण 20 सेंटिमीटर नाळ बोटांच्या चिमटीत धरून बाळाच्या दिशेने तीन-चार वेळा निपटत न्यायची आणि मग कापायची. काही सेकंदांचे काम. निपचित जन्मलेल्या बाळांवर हे जमते का, याची चाचणी नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी घेतली. ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली आणि हे करता येण्याजोगे असल्याचे दिसले. पुढे अमेरिका, कॅनडा आणि पोलंडमधल्या मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण ठोसपणे कमी झाले नाही, पण जन्मतःच कृत्रिम श्वासाची गरज आणि ऑक्सिजनअभावी मेंदूला होणारी मध्यम ते तीव्र इजा कमी आढळली. त्यामुळे अमेरिकेतल्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी 35 आठवड्यांपुढच्या निपचित बाळांसाठी हा पर्याय वाजवी मानला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. 2019 मध्ये एक चाचणी मधेच थांबवावी लागली. 23 ते 27 आठवड्यांच्या ज्या बाळांची नाळ निपटली, त्यांच्यातल्या 22 टक्क्यांच्या मेंदूत तीव्र रक्तस्राव झाला. नुसते थांबून नाळ बांधलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. इतक्या कोवळ्या मेंदूला रक्ताचा अचानक लोंढा सोसत नाही. 28 आठवड्यांच्या आतल्या बाळाची नाळ निपटू नये, हे त्यानंतर ठरून गेले. नुसते थांबणे मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही तारते.

वार आधीच सुटली असेल, नाळ तुटली असेल किंवा आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. उशिरा नाळ बांधल्याने आईचा रक्तस्राव वाढत नाही. बाळाला कावीळ होऊन प्रकाशाखाली ठेवण्याची शक्यता किंचित वाढते.

शहरांत नाळेचे रक्त खासगी बँकेत साठवण्याच्या जाहिराती जोडप्यांपुढे सर्रास येतात. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी असे रक्त साठवण्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद शास्त्रीय आधार मानत नाही. पिशवी पुरेशी भरावी म्हणून नाळ लवकर बांधायची, तर ते रक्त ज्याचे आहे त्यालाच कमी मिळते. असा करार केलेल्या जोडप्याने बाळंतपणाआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगून ठेवावे, की रक्त जमा करण्यासाठी नाळ बांधण्याची वेळ अलीकडे आणायची नाही.