रक्ताची बांधबंदिस्ती

खेळताना गुडघा फुटतो, विळीवर भाजी चिरताना बोट कापते. जखमेतून रक्त येते आणि क्षणभर मन घाबरते. पण जखम लहान असेल, तर काही मिनिटांतच रक्त आपोआप थांबते. हे इतक्या सहजपणे घडते, की त्यात काही नवल आहे असे कोणाला वाटतही नाही. परंतु ज्याचे रक्त असे थांबत नाही, त्याच्या प्राणावर बेतते. रक्त थांबविण्याच्या कामी प्रथम धावून येणारे रक्तातील घटक म्हणजे रक्तपट्टिका होत. रुग्णालयांत आणि घरोघरी त्यांना ‘प्लेटलेट’ म्हणूनच ओळखतात.

रक्तपट्टिका अतिशय सूक्ष्म असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांएवढीच एका पट्टिकेची रुंदी असते. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्यांची संख्या सामान्यतः 1,50,000 ते 4,50,000 असते. त्या अस्थिमज्जेत तयार होतात आणि सुमारे आठ ते दहा दिवस टिकतात. म्हणून शरीराला त्या रोज नव्याने निर्माण कराव्या लागतात. पावसाळ्यात शेताचा बांध फुटला, म्हणजे शेतकरी हाती लागतील ते दगड-माती टाकून आधी भगदाड बुजवितो आणि मग बांध पक्का करतो. रक्तवाहिनी फाटली म्हणजे असेच घडते. पट्टिका त्या जागी चिकटतात, आपल्यासारख्या इतरांना जवळ ओढतात आणि भोक बुजवितात. त्यानंतर रक्तातील फायब्रिन नावाचे तंतू त्यांच्याभोवती जाळे विणतात आणि गुठळी घट्ट होते.

इटलीतील शास्त्रज्ञ जूलिओ बित्सोत्सेरो यांनी 1882 साली पट्टिकांचे हे कार्य सूक्ष्मदर्शकातून पाहून सविस्तर वर्णिले. पुढे 1910 साली अमेरिकेतील डॉक्टर विल्यम ड्यूक यांनी अशा एका तरुणाची हकिकत प्रसिद्ध केली, की ज्याचा रक्तस्राव काही केल्या थांबत नव्हता आणि ज्याच्या रक्तात पट्टिका अत्यंत थोड्या होत्या. रक्त साठवून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून दात्याचे रक्त सरळ त्या तरुणाच्या शरीरात सोडण्यात आले. पट्टिकांची संख्या वाढली आणि रक्तस्राव थांबला. काही दिवसांनी ती संख्या पुन्हा उतरली. दिलेल्या पट्टिका उपयोगी पडतात, पण फार काळ टिकत नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

पट्टिका कमी होण्याची कारणे अनेक आहेत. कधी अस्थिमज्जा त्या पुरेशा तयार करीत नाही; कधी शरीराची संरक्षक शक्तीच चुकून त्यांचा नाश करते; कधी वाढलेली प्लीहा त्यांना अडकवून ठेवते. डेंग्यू, मलेरिया यांसारख्या तापांतही त्यांची संख्या घटते. त्याची चिन्हे डोळसपणे पाहणाऱ्यास ओळखता येतात. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उमटतात आणि दाबले तरी ते नाहीसे होत नाहीत. मार न लागताही अंगावर काळेनिळे डाग पडतात. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी होणे, अथवा तीव्र डोकेदुखीबरोबर गुंगी येणे ही तर धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे? वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून ते घट्ट दाबून धरावे आणि पुनःपुन्हा उचलून पाहू नये. नाकातून रक्त येत असल्यास रोग्याला बसवून डोके किंचित पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, कारण ही औषधे पट्टिकांच्या कामात अडथळा आणतात.

रुग्णालयात डॉक्टर प्रथम रोग्याची नाडी, रक्तदाब व शुद्ध तपासतात आणि रक्त कोठून जात आहे ते शोधतात. अहवालातील आकड्यावर ते आंधळेपणाने विसंबत नाहीत. कधीकधी तपासणीच्या नळीत पट्टिकांचे पुंजके होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. म्हणून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहतात. मोठा रक्तस्राव होत असेल, किंवा शस्त्रक्रिया करावयाची असून संख्या 50,000 हून कमी असेल, तर बहुधा पट्टिका चढवितात. अनेक आजारांत संख्या 10,000 च्या खाली गेल्यास रक्तस्राव नसतानाही त्या देतात. परंतु काही दुर्मिळ विकारांत पट्टिका दिल्याने अपायही संभवतो. म्हणून कारणाचा शोध घेणे अगत्याचे असते.

डेंग्यूच्या बाबतीत तर लोकांची समजूत पुष्कळदा चुकीची असते. पट्टिका उतरल्या एवढ्यानेच घरातील माणसे धास्तावतात आणि त्या चढविण्याचा आग्रह धरतात. वस्तुतः डेंग्यूत मोठा धोका असतो तो सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील पातळ भाग पाझरून जाण्याचा. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, त्याच सुमारास हा धोका वाढतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, थंड पडलेले हातपाय ह्यांकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये. योग्य प्रमाणात दिलेले द्रव पदार्थ आणि सतत देखरेख हाच येथे मुख्य उपचार होय.

दात्यांनी दिलेल्या पट्टिका रक्तपेढीत सामान्यतः पाचच दिवस टिकतात. त्या बर्फात ठेवीत नाहीत. 20 ते 24 अंश सेल्सियस तपमानात त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्यांचा मोठा साठा करून ठेवणे म्हणूनच शक्य होत नाही. आज कोणी दान केले, तरच ह्या आठवड्यातील रोग्याला त्या मिळतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेला निरोगी मनुष्य हे दान करू शकतो, आणि त्याच्या शरीरातील उणीव थोड्याच दिवसांत भरून निघते.